रात्री निजणारे टॉवर आणि चौदाव्या मजल्यावरची रेंज

वाघबीळकर | रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगत वाघबीळला आमचे घर चौदाव्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघराची गॅलरी रस्त्याकडे उघडते आणि आईची खोली मागे, खाडीच्या बाजूला आहे. गेल्या श्रावणात एका रात्री अडीच वाजता आईला दम लागला. तिच्या उशाशी बसून मी डॉक्टरांना फोन लावत होतो. तीनदा तो लागलाच नाही आणि चौथ्यांदा लागला तो ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तुटला. शेवटी पत्नीला आईजवळ बसवून मी गॅलरीत गेलो, तेव्हा पहिल्याच प्रयत्नात बोलणे झाले. आई आता बरी आहे, परंतु ती दहा मिनिटे मी विसरू शकत नाही.

मोबाइल कंपनीकडे तक्रार केली. ‘आपल्या परिसरातील टॉवर सुरळीत चालू आहे’ असा संदेश दोन दिवसांनी आला आणि तक्रार बंद करण्यात आली. त्यानंतर तीन आठवडे मी वहीत नोंदी ठेवल्या. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ उघडले की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते (आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला), आणि सेलचा (टॉवरवरच्या एका अँटेनेच्या क्षेत्राचा) क्रमांक व बँड (वापरातला फ्रिक्वेन्सीचा पट्टा) पाहण्यासाठी एक मोफत ॲप मिळते. आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, रोज त्याच जागी फोन ठेवून घेतलेल्या नोंदी साधारण अशा आहेत : दुपारी ३ वाजता उणे ९६, रात्री ११ वाजता उणे ९५, रात्री १.१० नंतर उणे ११७ आणि पहाटे ५.०५ ला पुन्हा उणे ९६. दिवसा फोन १८०० मेगाहर्ट्झच्या एका सेलवर असतो, तर मध्यरात्रीनंतर ९०० च्या दुसऱ्याच सेलवर जातो. एकवीस रात्रींपैकी एकोणीस रात्री हेच घडले, त्यामुळे हा बिघाड नसून कोणीतरी ठरवून लावलेले वेळापत्रक असावे, असे मला वाटते.

वीज वाचवण्यासाठी रात्री टॉवरचा काही भाग बंद ठेवतात, असे वाचले आहे. माझा वीजबचतीला विरोध नाही, उलट ती व्हायलाच हवी. परंतु ती करताना सेवेचा दर्जा राखता येतो की नाही, हे या क्षेत्रातल्या जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

तारायंत्र | रविवार, दुपारी १२.५०

वाघबीळकर साहेब, मी ऐरोलीत राहतो आणि बावीस वर्षे रेडिओ नेटवर्कच्या नियोजनाचे काम करतो. आपल्या नोंदी इतक्या नेटक्या आहेत की निदान जवळजवळ त्यांतच आले आहे. तरी मुळापासून सांगतो.

मोबाइल नेटवर्कला लागणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज टॉवरवरच्या रेडिओ यंत्रणेत खर्च होते. त्यातही मोठा वाटा पॉवर ॲम्प्लिफायरचा, म्हणजे सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या भागाचा, असतो. अडचण अशी की ग्राहक एकही नसला तरी हा खर्च शून्यावर येत नाही. ४जीमध्ये, म्हणजे एलटीईमध्ये, टॉवरला दर एक मिलिसेकंदाला संदर्भ-सिग्नल पाठवावाच लागतो. फोन त्यावरूनच सेल ओळखतात आणि आपल्याला जो डीबीएमचा आकडा दिसतो, तोही त्याच सिग्नलचा असतो. पहाटे तीन वाजता सारा परिसर झोपलेला असताना ४जीचा सेल त्यामुळे जागाच राहतो. त्याला मिळते ती दोन संदर्भ-सिग्नलांमधली, मिलिसेकंदाच्याही लहानशा अंशाची विश्रांती. ५जीची रचना करताना ही चूक सुधारण्यात आली. तिथे सेलची ओळख सांगणारा सिग्नल सामान्यतः २० मिलिसेकंदांनी एकदा जातो आणि मानकानुसार हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येते. मधल्या काळात ॲम्प्लिफायर खरोखर बंद ठेवता येतो.

४जीत अशी सोय नसल्यामुळे कंपन्या अख्खा कॅरिअरच, म्हणजे एका बँडवरचे सगळे प्रक्षेपणच, बंद करतात. एका टॉवरवर किंवा शेजारच्या दोन-तीन टॉवरवर मिळून वेगवेगळ्या बँडचे थर असतात. ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा थर दूरवर पोचतो, भिंतीतून आत शिरतो, म्हणून त्याला ‘कव्हरेज’ थर म्हणतात. १८००, २१००, २३०० हे थर गर्दी पेलण्यासाठी असतात, म्हणून ते ‘कपॅसिटी’ थर. रात्री गर्दी ओसरली की कपॅसिटी थर निजवायचा आणि कव्हरेज थर जागता ठेवायचा, हा सर्वमान्य मार्ग आहे. तत्त्व म्हणून त्यात काहीही गैर नाही.

गैर होते ते नावांवर विसंबल्यामुळे. कागदावर ज्या सेलला ‘कपॅसिटी’ म्हटलेले असते, तो कोणाच्या तरी खोलीपुरता एकमेव कव्हरेज असतो. आपल्या बाबतीत, मागच्या बाजूच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर १८०० चा सेल असावा आणि तो आईच्या खिडकीतून थेट आत येत असावा. ९०० चा सेल बहुधा घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यावर आहे. तो गॅलरीत उत्तम मिळतो, परंतु आईच्या खोलीपर्यंत पोचायला त्याला लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती आणि आपले सगळे घर ओलांडावे लागते. त्या रात्री गॅलरीत फोन लागला, यावरून हाच तर्क पक्का होतो. उणे ९६ आणि उणे ११७ यांत २१ डेसिबलचा फरक आहे, म्हणजे सिग्नल सव्वाशे पट क्षीण झाला. शिवाय अशा ठिकाणी फोनला टॉवरचे ऐकू येते, पण टॉवरला फोनचे ऐकू येत नाही, कारण टॉवर एका कॅरिअरवर ४० वॅटच्या आसपास शक्ती लावू शकतो, तर ४जी फोनची कमाल मर्यादा ०.२ वॅट आहे. पडद्यावर एक काडी दिसत राहते आणि फोन लागत नाही, तो यामुळे.

अनघा_कोलशेत | रविवार, दुपारी ३.३०

तारायंत्र, इतके सविस्तर सांगितल्याबद्दल आभार. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे, अशा निजण्याने वीज वाचते तरी किती? चार-दोन दिव्यांइतकी बचत असेल, तर एखाद्या आजारी माणसाचा फोन अडवण्याचे कारणच काय? दुसरा प्रश्न माझ्या घरचा. आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो, सिग्नल उणे ८४ म्हणजे उत्तम दिसतो, काड्या पूर्ण असतात, तरी बोलताना आवाज तुटतो आणि इंटरनेट रडतखडत चालते. रात्री नव्हे, तर भर दिवसा.

तारायंत्र | रविवार, रात्री ९.०५

अनघाताई, पहिल्या प्रश्नासाठी एक गृहीत उदाहरण घेऊ. समजा, निजवलेला कॅरिअर जागेपणी ४०० वॅट घेतो आणि रोज पाच तास बंद राहतो. म्हणजे रोज २ युनिट, वर्षाला ७३० युनिट. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे धरले तर एका कॅरिअरमागे वर्षाला पाचशे किलो. एका साइटला तीन दिशांचे तीन सेक्टर आणि प्रत्येकावर दोन-तीन कपॅसिटी कॅरिअर असतात. ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या साइट डोळ्यांसमोर आणल्या, तर ही बचत सोडून देण्याजोगी नाही. ५जीच्या ६४ वाहिन्यांच्या (सिग्नल सोडणाऱ्या शाखांच्या) मोठ्या अँटेना पूर्ण भाराला हजार वॅटच्या आसपास घेतात. त्या रिकाम्या चालू ठेवणे म्हणजे कोणी नसलेल्या सभागृहात रात्रभर वातानुकूलन यंत्रे लावून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपले ठाणे आता उंच वाढते आहे. टॉवरच्या अँटेना खाली, रस्त्याकडे झुकवलेल्या असतात. बाविसाव्या मजल्याला त्यांतली एकही समोरून मिळत नाही, मात्र कोलशेत, बाळकुम, ढोकाळी आणि खाडीपलीकडच्याही दहा-बारा अँटेनांचा थोडा थोडा सिग्नल मोकळ्या हवेतून तिथवर पोचतो. सगळे जवळपास सारख्याच ताकदीचे असतात. काड्या ताकद दाखवतात, स्वच्छता दाखवत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये सगळेच मोठ्याने बोलत असले की शेजारच्याचेही कळत नाही, तसे हे आहे. वाघबीळकरांनी सांगितलेल्या ॲपसारख्या ॲपमध्ये एसआयएनआर नावाचा आकडा पाहा; तो गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे, हे सांगतो. तो १५ च्या वर असेल तर उत्तम. शून्याच्या आसपास किंवा खाली असेल, तर कितीही काड्या असल्या तरी उपयोग नाही.

इथेच वीज आणि दर्जा यांचे नाते उलगडते. अशा वेळी लोक म्हणतात, टॉवरची शक्ती वाढवा. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेले सूत्र सांगते की माहिती वाहून नेण्याची क्षमता फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या रुंदीबरोबर सरळ वाढते, परंतु शक्तीबरोबर फक्त लॉगॅरिदमने, म्हणजे फार हळू, वाढते. सिग्नल गोंगाटाच्या १०० पट असताना शक्ती दुप्पट केली तर क्षमता जेमतेम १५ टक्के वाढते. तीच मूळची शक्ती दुप्पट रुंद पट्ट्यावर पसरली तर सुमारे ७० टक्के वाढते. आणि ताईंच्या घरासारख्या ठिकाणी सगळ्या टॉवरनी शक्ती वाढवली, तर गोंगाटही तितकाच वाढेल आणि हाती काहीच लागणार नाही. उलट काही अँटेनांचा झुकाव दोन अंशांनी बदलला किंवा एखाद्या दूरच्या सेलची शक्ती कमी केली, तर कमी विजेत अधिक स्वच्छ सिग्नल मिळेल. वीज कमी करून दर्जा वाढवता येतो, हे मी माझ्या कामात अनेकदा पाहिले आहे.

अनघा_कोलशेत | रविवार, रात्री ९.४०

आत्ताच पाहिले. दिवाणखान्यात एसआयएनआर उणे २, आणि पॅसेजमध्ये, जिथे काड्या कमी दिसतात, तिथे ७.

तारायंत्र | रविवार, रात्री ९.५२

अगदी बरोबर. पॅसेजमध्ये घराच्या भिंती दूरच्या सेलना अडवत आहेत, म्हणून एकाचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. आपले वायफाय चांगले असेल तर फोनमधले वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून बोलण्याची सोय, चालू करून घ्यावे.

वाघबीळकर | सोमवार, सकाळी ७.२०

वायफाय कॉलिंग मीही माझ्या फोनवर चालू केले आहे. मात्र आईकडे बटणांचा साधा ४जी फोन आहे, त्यात ती सोय नाही. आणि वीज गेली की राउटरही बंद पडतो. ज्यांच्यासाठी सेवा सर्वाधिक गरजेची आहे, त्यांच्याच हातात साधे फोन असतात, हे नियोजन करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

सोसायटी_सचिव | सोमवार, सकाळी ११.१०

मी मानपाड्याजवळच्या एका मोठ्या संकुलाचा सचिव आहे. आमच्या गच्चीवर लहान अँटेना बसवण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत दोनदा फेटाळला गेला. सभासदांना किरणोत्साराची भीती वाटते आणि ती भीती खोटी आहे असे म्हणून त्यांना गप्प करणे मला योग्य वाटत नाही. त्याच वेळी तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नाही, म्हणून तेच सभासद माझ्याकडे तक्रार करतात. एका सभासदाने ऑनलाइन मागवलेला बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) खिडकीत लावला आहे. यावर मार्गदर्शन हवे आहे.

तारायंत्र | सोमवार, रात्री १०.३०

सचिव साहेब, सभासदांची काळजी समजून घ्यायला हवी, आणि त्यांना आकडे द्यायला हवेत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रतिचौरस मीटर ०.४५ वॅट होती आणि १८०० ला ०.९. कोणत्या भागात कोणते टॉवर आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीचीही मागणी करता येते. आपल्या सभासदांनी ती मोजणी जरूर करून घ्यावी.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सभेत कोणीच मांडत नाही. कानाला लागलेला फोन हाही एक प्रक्षेपकच आहे. टॉवर जवळ असला आणि सिग्नल चांगला असला की फोन काही हजारांश मिलिवॅटवरही काम भागवतो. टॉवर दूर असला, भिंती जाड असल्या, उष्णता अडवणाऱ्या धातुलेपित काचा बसवलेल्या असल्या, की तोच फोन २०० मिलिवॅटपर्यंत जातो. अशा काचा २० ते ३० डेसिबल सिग्नल खातात. दूरची अँटेना म्हणजे जवळच्या फोनवर अधिक भार, अधिक तापणारी बॅटरी आणि टॉवरलाही अधिक शक्ती. लहान अँटेना जवळ, लोकांमध्ये आणि कमी शक्तीवर ठेवणे हे वीज, दर्जा आणि अंगावर पडणारी ऊर्जा या तिन्ही दृष्टींनी हिताचे ठरते.

तो बूस्टर मात्र आजच काढायला सांगा. विनापरवाना बूस्टर लावणे बेकायदा आहे, आणि तो केवळ त्या सभासदाचा सिग्नल वाढवत नाही, तर टॉवरच्या कानात सतत गोंगाट ओततो. त्या गोंगाटावर मात करण्यासाठी सेलमधल्या प्रत्येक फोनला आवाज चढवावा लागतो. एका खिडकीतल्या अशा यंत्रामुळे सबंध सेक्टरचे कॉल तुटताना मी घणसोलीत पाहिले आहेत. आमची गाडी दिशादर्शक अँटेना घेऊन तीन दिवस गल्ल्या धुंडाळत होती आणि शेवटी ते यंत्र एका दुकानाच्या पोटमाळ्यावर सापडले.

तळघरासाठी इमारतीअंतर्गत अँटेना-जाळे हाच उपाय आहे. ते एका कंपनीने न टाकता सर्वांनी सामायिक वापरले, तर एकाच जागी तीन यंत्रे तापत राहत नाहीत. ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याची नियमावली काढली आहे, तीही सभेपुढे ठेवावी.

ट्रान्सहार्बर_प्रवासी | मंगळवार, सकाळी ९.२५

मी रोज ठाणे ते वाशी लोकलने जातो. संध्याकाळी गर्दीच्या गाडीत फोनची बॅटरी घरच्यापेक्षा कितीतरी वेगाने उतरते, व्हिडिओ न पाहताही. याचे कारण हेच असावे का?

तारायंत्र | मंगळवार, दुपारी १.४०

बरेचसे हेच. धातूचा डबा आणि माणसांची शरीरे मिळून सिग्नल अडवतात, म्हणून फोन शक्ती चढवतो. त्यात गाडी धावत असल्याने सेल सारखे बदलतात आणि शेकडो फोन एकाच क्षणी एका सेलकडून दुसऱ्याकडे जायला धडपडतात. शिवाय लहानसा संदेश आला-गेला तरी फोन लगेच निजत नाही. पुढे काही येईल म्हणून तो आणखी काही सेकंद, अनेकदा दहाच्या आसपास, जागा राहतो. न लागणाऱ्या ॲपच्या सूचना बंद ठेवल्या तर फरक जाणवेल.

ग्राहकहित | मंगळवार, रात्री ८.१५

नियमांची बाजू मांडतो. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाची नवी नियमावली काढली आणि ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावे, कंपन्यांनी आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प झाली तर ग्राहकांना सवलत द्यावी, अशा तरतुदी तीत आहेत. यापूर्वी, २०१५ मध्ये, तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, भरपाई देण्याचा नियम ट्रायने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मे २०१६ मध्ये रद्द केला.

परंतु वाघबीळकरांची अडचण या आकड्यांत दिसणारच नाही, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. टक्केवारी एकूण कॉलवर निघते. दिवसभरातल्या हजारो कॉलपुढे रात्री १ ते ५ मधले मोजके कॉल नगण्य ठरतात. त्यातले निम्मे तुटले तरी सरासरी जागची हलत नाही. ज्या तासांत वीजबचतीसाठी सेल निजवले जातात, त्या तासांचे आकडे कंपन्यांनी स्वतंत्रपणे मोजून जाहीर केले पाहिजेत. रात्री अडीचला लावलेला फोन क्वचितच गप्पांसाठी असतो.

तारायंत्र | मंगळवार, रात्री ९.३०

ग्राहकहित यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात आतल्या माणसाची एक भर घालतो. सेल निजवण्याआधी यंत्रणा पाहते की त्यावर चालू असलेले फोन दुसऱ्या सेलवर नीट जाऊ शकतात का. मात्र ही चौकशी फक्त त्या क्षणी जोडलेल्या फोनची होते. उशाशी शांत पडलेला फोन कोणालाच काही कळवत नाही, त्यामुळे यंत्रणेच्या दृष्टीने ती खोली रिकामीच असते. सिग्नल मोजत फिरणाऱ्या आमच्या ड्राइव्ह टेस्टच्या गाड्या तर रस्त्यावरून फिरतात, आणि दुखणे चौदाव्या मजल्यावर असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. यावर उपाय असा की मागच्या काही आठवड्यांत, दिवसाच्या कॉलदरम्यान, त्या सेलवरच्या फोननी कव्हरेज थराचा सिग्नल किती नोंदवला होता, हे आधी तपासायचे. बऱ्याच फोनना तो उणे ११२ च्या खाली मिळत असेल, तर तो सेल ‘कपॅसिटी’ नाही, हे मान्य करायचे आणि त्याला पूर्ण न निजवता त्याच्या चार वाहिन्यांपैकी दोनच बंद करायच्या. बचत कमी होते, पण घर जोडलेले राहते.

वाघबीळकर साहेब, आपली वही कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे पाठवा. सेलचे दोन्ही क्रमांक, वेळा आणि गॅलरीतला आकडा आवर्जून लिहा. ‘रेंज नाही’ या तक्रारीवर आमच्यासारख्यांना काही करता येत नाही, परंतु ‘अमुक सेल १.१० ला बंद होतो आणि तमुक सेल या खोलीत उणे ११७ मिळतो’ या तक्रारीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

वाघबीळकर | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ८.००

सर्वांचे मनापासून आभार. अपिलानंतर बाराव्या दिवशी एक तरुण अभियंता घरी आला. त्याने आईच्या खोलीत आणि गॅलरीत मोजमाप घेतले. तारायंत्र यांचा तर्क शब्दशः खरा ठरला. मागच्या इमारतीच्या गच्चीवरचा १८०० चा सेल रात्री १ ते ५ निजवला जात होता. आता तो पूर्ण बंद होत नाही, त्याच्या अर्ध्याच वाहिन्या बंद होतात, आणि रस्त्यावरच्या ९०० च्या अँटेनेचा झुकावही दुरूनच दोन अंशांनी वर केला आहे. शेजारच्या तीन इमारतींच्या मागच्या खोल्यांतही हीच अडचण निघाली, असे तो म्हणाला, परंतु तिथून कधी तक्रारच आली नव्हती.

काल रात्री अडीच वाजता नोंद घेतली : उणे १००, सेल तोच, दिवसाचा. आधी ठरवल्याप्रमाणे आईच्या बटणांच्या फोनवरून कळव्याला बहिणीला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिने उचलला. चार मिनिटे बोललो, मग आईने फोन मागून घेतला.